पप्पा, काही तयारी करू नका

चहा येतोय तोवर सांगून टाकतो. चहा पिताना सांगितलं तर एखाद्याला ठसका लागायचा आणि नाव माझं खराब व्हायचं. गाढवपणा मी आयुष्यात पुष्कळ केला. पण हौसेनं, मेहनतीनं, चार दिवस दुपारचं जेवण सोडून केलेला गाढवपणा हा एकच. त्यात पोरीची हातातोंडाशी आलेली नोकरी जायची वेळ आली होती. आणि तरीही शेवटी जिंकलं कोण, तर मीच. आता ऐका आणि तुम्हीच ठरवा, मला हसायचं की हार घालायचा.

मला ओळखत नसतील त्यांच्यासाठी सांगतो, माझं नाव रावसाहेब. नावावर जाऊ नका. काळी-पिवळी जीप चालवतो, संभाजीनगर ते पाचोड. बावीस वर्षं झाली. बीड रोडवर असा एक खड्डा नाही ज्याची आणि माझी ओळख नाही. जीपमध्ये माणसं किती बसतात असं मात्र विचारू नका. सगळी बसतात.

माझी धाकटी पोरगी अश्विनी. कॉम्प्युटरचं शिकली आणि पुण्याच्या एका गेम बनवणाऱ्या कंपनीत अर्ज केला. दोन मुलाखती पार पडल्या, शेवटची परीक्षा राहिली. ती काय होती ते तिनं एका सोमवारी मला समजावून सांगितलं. मी टॉवेलनं पाय पुसत होतो.

"पप्पा, कंपनीचा नवा गेम आहे. युद्धाचा. दोन्ही बाजूंनी सोळा-सोळा माणसं, सगळी आपापल्या घरी बसून खेळतात. त्याचा आता बीटा निघालाय."

"बीटा म्हणजे?"

"म्हणजे गेम अजून कच्चा आहे. बाजारात आणायच्या आधी थोड्या लोकांना खेळायला देतात. कुठं काय चुकलंय ते कळतं."

"भाजी उतरवायच्या आधी मीठ बघायला देतात, तसं."

"हां. तर मला पन्नाशीच्या पुढचा एक माणूस शोधायचाय. त्याला शनिवारी गेमसमोर बसवायचं. तो काय करतो, काय बोलतो, ते मी लिहायचं. कंपनीच्या मॅडम व्हिडिओवर बघणार. त्या अहवालावर माझी नोकरी ठरणार."

"मग शोधला का माणूस?"

ती माझ्याकडं बघत राहिली. मी मागं वळून बघितलं. मागं फक्त भिंत होती.

"पप्पा, तुम्हीच. आणि एक सांगून ठेवते, काही तयारी करू नका. जसे आहात तसे बसा. काहीच करायचं नाही."

इथंच माझी गाडी चुकीच्या रस्त्याला लागली. पण मला सांगा, आपल्याकडं 'काही करू नका' याचा अर्थ काय होतो? माझ्या थोरलीला बघायला पाहुणे येणार होते तेव्हा त्यांनीही फोनवर सांगितलं होतं, काही करू नका, आपण घरचेच. मग आम्ही काय केलं? बायकोनं, शोभानं, तीन दिवस आधी पडदे धुतले. शेजारून चांगले कप आणले. खुर्च्याही शेजारच्याच. मला सकाळी एक आणि दुपारी एक अशा दोन दाढ्या करायला लावल्या. जेवणात पुरण, भजी, आमटी, कुरडया. पाहुणे पोटभर जेवले आणि जाताना म्हणाले, "कशाला एवढं केलं? आम्ही सांगितलं होतं ना, काही करू नका." म्हणाले, पण होकार देऊन गेले. आता त्या दिवशी खरंच काही केलं नसतं तर? थोरली आजही माझ्याच घरी भाकरी थापत बसली असती.

तेव्हा मला जे कळायचं ते कळलं. पोरगी संकोच करते आहे. बापाला 'शिकून या' असं कोणत्या तोंडानं म्हणेल? आणि खरं सांगू का, मला भीतीही वाटत होती. बाप बावीस वर्षं जीप चालवतो, त्याला माऊस धरता येत नाही, हे पुण्याच्या मॅडमनं बघायचं आणि माझ्या पोरीनं खाली मान घालायची, हे मला सहन होणार नव्हतं. मी मनाशी पक्कं केलं. तयारी करायची, आणि अशी करायची की मॅडमनं तोंडात बोट घातलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी स्टँडवर सलीमभाईंना गाठलं. सलीमभाई आमच्यातला जुना माणूस. वय पंचावन्न, चष्मा जाड, जीप पैठण लाईनीला. पण शहागंजात त्यांच्या घराखाली कुटुंबाचं गेम पार्लर आहे, आणि दुपारच्या वेळेला गल्ल्यावर बसून बसून हा माणूस बंदुकीच्या गेममध्ये असा तरबेज झालाय की कॉलेजची पोरं त्यांना उस्ताद म्हणतात.

"सलीमभाई, मला बंदूक चालवायला शिकवा."

त्यांनी तोंडातला पानाचा तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला. "किसकू मारना है?"

"मारायचं कोणाला नाय. पोरीच्या नोकरीचं आहे."

"फिर तो मेरेकू और डर लग रा, रावसाब."

सगळं सांगितलं तेव्हा म्हणाले, "बच्ची बोली ना, तयारी नक्को?"

"बोली. म्हणून तर करायची."

सलीमभाईंनी मान डोलावली. त्यांच्या घरीही पाहुणे येतात.

तर मंगळवार ते शुक्रवार, रोज दुपारी दोन ते तीन, जीप उभी करून मी शहागंजात. पार्लरमधला गेम वेगळा होता, जुना होता, त्यात सगळं पायीच फिरायचं. पण सलीमभाई म्हणाले, बंदूक कोणत्याही गेमची असो, सारखीच चालते. डाव्या हाताला चार बटणं, ती पाय. उजव्या हाताला माऊस, ते डोळे. बोट दाबलं की गोळी.

पहिल्या दिवशी मी एक तास फक्त जमिनीवर गोळ्या झाडल्या. नजर वर उचलायची कशी तेच जमेना.

"जमीन ने क्या बिगाड्या तुम्हारा?" सलीमभाईंनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी आभाळ. तिसऱ्या दिवशी एका भिंतीत तोंड खुपसून अर्धा तास पळत होतो. मला वाटलं रस्ता लांब आहे.

पण चौथ्या दिवशी चमत्कार झाला. अहो, मी जीपवाला आहे. अर्ध्या किलोमीटरवर लिंबाखाली माणूस उभा आहे का, असला तर त्याला यायचंय की तो नुसता सावलीला टेकलाय, हे मला स्टिअरिंगवरून कळतं. ती नजर गेममध्ये चालायला लागली. झुडूप हललं की मला माणूस दिसायचा. खिडकीत टोपीचं टोक दिसलं की मी समजून जायचो. त्या दुपारी मी कॉलेजच्या चार पोरांना ओळीनं झोपवलं. एक पोरगा उठून बघायला आला, कोण खेळतंय. मला बघून तो आल्या पावली परत गेला.

सलीमभाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "हौ. अब जाओ."

घरी शोभाला वास आलाच होता. "चार दिस झाले, डबा तसाच परत येतोय. जेवताय कुठं?"

"लाईनीला गर्दी लई आहे."

"गर्दी दुपारी दोन वाजता?"

मी पाणी प्यायला गेलो.

शनिवार उजाडला. अकरा वाजताची वेळ. अश्विनीनं मैत्रिणीकडून मोठा कॉम्प्युटर आणून हॉलमध्ये मांडला होता. मी इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना तेल लावून बसलो. बाजूच्या छोट्या स्क्रीनवर मॅडम दिसत होत्या. चाळिशीच्या, चष्म्याच्या, बोलायला गोड. अश्विनी शेजारी वही घेऊन बसली. वहीत चाळीस प्रश्न लिहिलेले. वर माझी माहिती होती, त्यात धंद्याच्या जागी तिनं 'स्वतःचा व्यवसाय' असं लिहिलं होतं. वाचून मला उगाच एक टायर कारखाना असल्यासारखं वाटलं.

"नमस्कार काका," मॅडम म्हणाल्या. "अगदी निवांत खेळा. याआधी कधी गेम खेळलात?"

"नाय मॅडम. ह्या वस्तूला कधी हातच लावला नाय."

इतक्या सरळ तोंडानं मी आरटीओसमोरही कधी खोटं बोललो नव्हतो.

गेम सुरू झाला. आणि खरं सांगतो, गेम झकास होता. हेलिकॉप्टरमधून आम्हाला एका जळक्या गावात उतरवलं. धूर, पडक्या भिंती, लांबून तोफांचे आवाज. धूळ तर इतकी हुबेहूब की मला खिशातला रुमाल काढून नाकाला लावावासा वाटला. एक गोष्ट मात्र पहिल्या मिनिटातच खटकली. अख्खं गाव, चौक, बाजारपेठ, मशीद, शाळा, सगळं आहे, आणि चहाची टपरी एक नाही. माणसं लढतायत कशाच्या जोरावर?

स्क्रीनवर अक्षरं आली, 'पुढे जाण्यासाठी हे बटण दाबा'. मी तोवर पुढच्या गल्लीत पोचलो होतो.

"पप्पा," अश्विनी हळूच म्हणाली, "ते काय सांगतंय, ते कळलं का?"

"त्यात कळायचं काय आहे?" आणि मी खिडकीतला एक टिपला.

"गोळ्या संपल्या की काय करायचं, ते शोधा."

"भरल्या की मघाशीच."

कानातल्या हेडफोनवर आमच्या बाजूची कुठली कुठली पोरं बोलत होती. पहिल्यांदा एक जण म्हणाला, "ये अंकल कौन है भाई?" पाच मिनिटांनी तोच म्हणाला, "सब लोग अंकल के पीछे चलो." माझ्या मागं पाच जण चालायला लागले. मी झुडपाकडं बोट केलं की झुडपातून माणूस पडायचा. पाण्याच्या टाकीवरचा पाडला. नालीतला पाडला. एक जण मेल्याचं सोंग घेऊन पडला होता. अहो, भाड्याच्या वेळी झोपेचं सोंग घेणारे मी बावीस वर्षं बघतोय. त्यालाही परत उठू दिलं नाही.

पहिला डाव संपला. नावांची यादी आली. बत्तीस नावांत सगळ्यात वर कोण? मी. हळूच अश्विनीकडं बघितलं. तिचा पेन वहीवर आडवा पडला होता आणि चेहरा पांढरा. मला वाटलं, पोरीचा ऊर भरून आलाय.

"काका," मॅडम सावकाश म्हणाल्या, "तुम्ही खरंच पहिल्यांदा खेळताय?"

"पहिल्यांदाच की. अंगातच असतं एखाद्याच्या."

"अश्विनी, आपण दहा मिनिटं थांबू या." आणि स्क्रीन काळी झाली.

अश्विनीनं खुर्ची माझ्याकडं फिरवली. "पप्पा, खरं सांगा. कुठं शिकलात?"

मी सांगितलं. अभिमानानं सांगितलं. शहागंज, सलीमभाई, चार दिवस, कॉलेजची पोरं, सगळं. वाटलं, आता गळ्यात पडेल.

ती खुर्चीवरून उतरून खाली फरशीवर बसली.

"पप्पा, मला तुमचं न येणं पाहिजे होतं," ती म्हणाली. "नवीन माणूस कुठं अडतो, कशाला घाबरतो, कोणतं बटण त्याला सापडत नाही, हे शोधायचीच तर नोकरी आहे ही. चाळीस प्रश्न आहेत आणि चाळीसच्या चाळीस रिकामे आहेत. मी लिहू काय? आणि मॅडमना वाटतंय की मी मुद्दाम शिकलेला माणूस आणून बसवला. पहिल्याच दिवशी खोटं बोलणाऱ्या मुलीला कोण ठेवणार?"

आणि ती रडली. मोठ्यानं नाही. लहानपणी पेन्सिल हरवल्यावर रडायची तशी, तोंड दुसरीकडं करून. मला त्या शर्टाची इस्त्रीसुद्धा नकोशी झाली. बत्तीस जणांत पहिला आलेला माणूस मी, आणि माझ्या घरात माझ्याच पोरीला मी हरवून बसलो होतो.

शोभा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "म्हणून डबा परत येत होता व्हय," एवढंच म्हणाली आणि आत गेली. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

स्क्रीन पुन्हा उजळली तेव्हा अश्विनी काही बोलायच्या आत मीच पुढं झालो.

"मॅडम, खोटं मी बोललो. पोरीचा काही दोष नाय. ती बिचारी म्हणाली होती, काही तयारी करू नका. पण आमच्याकडं असं म्हणतात आणि सगळी तयारी करतात. मला वाटलं, ती पण तसंच म्हणतेय. मी गुपचूप शिकून आलो. पोरीला आत्ता कळलं."

मॅडमनी चष्मा वर सरकवला. मग म्हणाल्या, "माझ्या सासऱ्यांना मी डॉक्टरकडं नेलं होतं, काका. तपासणीच्या आधी आठ दिवस पथ्य करून गेले, रिपोर्ट चांगला यावा म्हणून."

"आला का?"

"आला. आजार राहिला." त्या हसल्या आणि लगेच गंभीर झाल्या. "पण नियमानं मला ही चाचणी रद्दच करावी लागेल. तुम्ही नवीन राहिला नाहीत."

अश्विनीनं वही मिटली. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

"एक मिनिट," मॅडम म्हणाल्या. "त्या पार्लरमधल्या गेममध्ये गाड्या होत्या?"

"नाय. सगळं पायी."

"म्हणजे गेममध्ये गाडी तुम्ही कधीच चालवली नाही? आता खरं सांगा."

"गेममध्ये? नाय. देवाशपथ नाय."

"मग गाडीचा भाग बघू. तुम्ही तिथं अडलात तर अश्विनीला लिहायला काहीतरी मिळेल. नाहीतर मग माझा नाइलाज आहे."

अश्विनीनं डोळे मिटले. "मॅडम, पप्पा…" ती म्हणाली, पण तोवर मॅडमनी गाडी उघडून दिली होती. मलाही कळत होतं ती काय म्हणणार होती. सगळं संपलं होतं. बंदूक तरी चार दिवसांची, गाडी तर बावीस वर्षांची. आता मी अडणार कुठं? मनात आलं, मुद्दाम चुकावं का? पण आत्ताच खोटं कबूल केलं होतं. म्हटलं नाही, आता नाटक नको. जशी येते तशी चालवायची आणि पोरीची माफी मागायची.

समोर लष्कराची मोठी जीप उभी होती. सहा सीटची, जाडजूड, काचेवर धूळ. माझ्या मनात आलं, वरच्या कॅरिअरवर अजून दहा येतील. मी ऐटीत गेलो, उजव्या बाजूचं दार उघडलं आणि बसलो.

समोर स्टिअरिंग नाही.

"मॅडम, स्टिअरिंग कोणीतरी काढून नेलंय."

"पप्पा, नीट बघा," अश्विनी म्हणाली.

बघितलं. स्टिअरिंगच्या जागी एक दांडा होता आणि दांड्याला बटण. म्हटलं, नव्या गाड्या बटणावरच चालू होतात. दाबलं. आमच्याच छावणीचं गेट आभाळात गेलं. गेटजवळ उभे असलेले दोघे आमचेच होते.

"अंकल!" हेडफोनवर कोणीतरी ओरडलं.

गाडी परदेशी होती. ड्रायव्हर डावीकडं. मी बसलो होतो तोफवाल्याच्या जागेवर. शेजारून पेनाचा आवाज आला, पण तेव्हा माझं लक्ष नव्हतं.

डावीकडं जाऊन बसलो. आता दाखवतो, म्हटलं. चावी शोधली, नाही. क्लच शोधला, नाही. एकेक बटण दाबून बघितलं. दिवे लागले, दिवे गेले, वायपर फिरला, तोवर मागं येऊन बसलेले आमचे दोघे आपोआप खाली उतरले.

"पप्पा, काय शोधताय?"

"क्लच."

"गेममध्ये क्लच नसतो."

"मग गाडी पहिल्या गिअरला टाकायची कशी?"

"गिअर पण नसतो."

गिअर नसतो आणि क्लच नसतो, मग ती गाडी कसली, फळी झाली. तेवढ्यात खाली उतरलेले दोघे आणि अजून एक असे तिघे चढले आणि ओरडायला लागले, "अंकल चलो, चलो, टाइम नहीं है." मी मागं बघितलं. दोन सीट रिकाम्या. हात पुढं जाईच ना. मी त्यांना सांगितलं, "दो मिनिट रुको, दो सवारी आने दो." दोन मिनिटं गेली. तिघांतला एक जण वैतागून उतरला आणि पायी लढाईला गेला.

शेवटी गाडी हलली. आणि हलल्याबरोबर, काय सांगू, मी गाडीबाहेर फेकला गेलो. म्हणजे एकदम मला गाडी मागून दिसायला लागली. मी घाबरून सगळी बटणं सोडून दिली.

"मी पडलो, आशू."

"नाही पप्पा, तुम्ही आतच आहात. तो बघा, तुम्हीच चालवताय."

"मग मागून बघतंय कोण?"

तिनं मॅडमकडं बघितलं. मॅडमचा चष्मा हातात होता आणि त्या डोळे पुसत होत्या.

मी चालवत राहिलो. स्वतःच्याच गाडीमागून पळत असल्यासारखं वाटत होतं. रस्त्याची डावी बाजू धरली. समोरून एक रणगाडा आला. आता बीड रोडवर समोरून उसाचा ट्रक आला तर आपण काय करतो? गाडी खाली उतरवतो आणि त्याला जागा देतो. मी तेच केलं. गाडी बाजूला घेतली, दिवा मारला आणि थांबलो. रणगाडा शत्रूचा होता. तोही थांबला. त्यालाही काही सुचेना, बिचारा बराच वेळ माझ्याकडं तोंड करून उभा राहिला. मी पुन्हा दिवा मारला, म्हटलं जा बाबा. मग तो गेला नाही. त्यानं जे करायचं ते केलं.

पुन्हा गाडी मिळाली. यावेळी एका माणसानं रस्त्याच्या कडेला हात केला. माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला, म्हणजे बोट गेलं. तोही शत्रूचाच होता. त्याच्या हातात बॉम्ब होता आणि तो टाकायला त्यानं हात वर केला होता.

तिसरी गाडी मी रिव्हर्स शोधताना कॅनॉलमध्ये घातली. उलटी. चाकं वर. आतमध्ये बसलेली दोन पोरं पोहत काठाला गेली. सुरुवातीला माझ्या मागं पाच जण चालत होते, आता मैदानात मी दिसलो की आमचीच माणसं पळत होती.

यादी आली. बत्तिसावा.

मी माऊसवरून हात काढला. रडकुंडीला आलो होतो. पायी असताना पहिला आणि गाडीत बसल्यावर शेवटचा, हे मी स्टँडवर कोणत्या तोंडानं सांगणार होतो? मान वर करून अश्विनीकडं बघितलं. ती लिहीत होती. खाली मान घालून, जीभ दातात धरून, भराभर लिहीत होती. अकरा पानं झाली होती.

"पप्पा," ती वर न बघता म्हणाली, "अजून एकदा उजवीकडून बसाल का? पहिल्यांदा दार उघडताना तुम्ही काय बघितलं, ते मला नीट पाहिजे."

बसलो. एकदा नाही, तीनदा बसलो. तीनदा आमचं गेट उडवलं. मॅडम म्हणाल्या, ड्रायव्हरची जागा कुठली ते दारावर कळत नाही, गाडी हलली की दृश्य एकदम बाहेर का जातं ते कोणी सांगत नाही, या गोष्टी इतक्या दिवसांत एकाही माणसानं त्यांच्या लक्षात आणून दिल्या नव्हत्या. अश्विनीच्या गालावरचं पाणी वाळलं होतं आणि ती हसत होती. ते बघून मी चौथ्यांदाही गेट उडवायला तयार होतो.

रविवारी तिनं अहवाल पाठवला. मला वाचायला दिला नाही, म्हणाली, इंग्रजीत आहे. मी काही हट्ट धरला नाही.

बुधवारी सकाळी मी पाचोडच्या रस्त्याला होतो. गाडी भरलेली, माझ्या मांडीलाही मांडी लावून एक जण बसलेला. आडूळच्या अलीकडं फोन वाजला. अश्विनीचा. गाडी बाजूला घेतली आणि फोन स्पीकरवर टाकला, कारण कानाला लावायला हात वर करायचीही जागा नव्हती.

"पप्पा, झालं. मला घेतलं. पुढच्या महिन्यात पुण्याला रुजू व्हायचंय."

मी काय केलं? हॉर्न वाजवला. एवढा वाजवला की बांधावरची गुरं पळाली. मागं वळून अख्ख्या गाडीला सांगितलं, माझ्या पोरीला नोकरी लागली, आणि ती माझ्यामुळं लागली. गाडीतल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. एका माणसानं कोंबडी मांडीवरून खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. मागच्या सीटवर आडूळची एक म्हातारी होती, दर आठवड्याला माझ्याच गाडीनं येणारी. तिनं कडाकडा बोटं मोडली आणि म्हणाली, "गुणाची गं बाई."

"पप्पा, मॅडमनी पत्रात तुमच्याबद्दल पण लिहिलंय," अश्विनी म्हणाली. तिचा आवाज जरा वेगळा येत होता, हसू दाबल्यासारखा. "वाचू का?"

"मोठ्यानं वाच," मी म्हणालो. "सगळे ऐकतायत."

"पप्पा, नंतर घरी वाचते ना."

"वाच म्हणतो ना. आत्ता वाच."

तिनं एक श्वास घेतला आणि मराठीत सांगत सांगत वाचलं. "तुझ्या अहवालातला सगळ्यात मोलाचा भाग गाडीचा आहे. आयुष्यात ज्यानं कधी स्टिअरिंगला हात लावला नाही, क्लच-गिअरची नुसती नावं ऐकली आहेत, रस्त्याचा ज्याला काडीचाही अनुभव नाही, असा माणूस तू नेमका शोधून आणलास. हे गृहस्थ गाडी चालवू शकत नाहीत हे पहिल्या मिनिटातच आमच्या सगळ्यांच्या लक्षात आलं. त्यांचे मनापासून आभार."

कोंबडीवाल्यानं कोंबडी उचलून परत मांडीवर घेतली.

मग मागून पिशव्या सरकवल्याचा आवाज आला. आडूळची म्हातारी लोकांच्या गुडघ्यांमधून वाट काढत दाराशी आली होती.

"दार उघड रं बाबा," ती म्हणाली. "मी जाते पायी. आता जवळच आलंय."

म्हातारी उतरली. आणि खोटं कशाला सांगू, तिच्या मागं अजून चौघं उतरले.